तरंग, रुबाब आणि नऊ इंच

आमच्या अक्काचा उजवा गुडघा वाकत नाही आणि डावा वाकला की लवकर सरळ होत नाही. एवढ्याच कारणासाठी मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालो. त्यापायी पुढे माझ्या घराची भिंत पडेल आणि तिच्याबरोबर माझी चौतीस वर्षांची पुण्याईही पडेल, हे गाडीच्या माहितीपत्रकात कुठेही छापलेलं नव्हतं.

तानुअक्का माझी थोरली बहीण. तेरा वर्षांनी मोठी. मला अंगाखांद्यावर तिनंच वाढवलं. ती धुळ्याला मुलाकडे, मी जळगावला. आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे माझं घर, आणि खानदेशातली लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली नाही म्हणजे काय, हे मी सांगायला नको. अक्का तीन आखाज्या आली नव्हती. एसटीची पायरी तिला चढवेना. मागच्या साली मी भाड्याची गाडी पाठवली, ती रिकामीच परत आली. मागोमाग अक्काचा फोन, तिच्या अहिराणीत.

"भाड्यानी गाडीमा बशीसन माहेरले येवू का मी? मुऱ्हाळी धाड, नही ते राहू दे."

मुऱ्हाळी म्हणजे लेकीला आणायला जाणारा माहेरचा माणूस. तो मीच. फोन ठेवायच्या आत मी बोलून बसलो, "अक्का, पुढच्या आखाजीला माझ्या स्वतःच्या गाडीतून तुला नेईन." ती म्हणाली, "मना पलंगना इतली उंच गाडी पाह्य. तेच्यावर माले बसता येस. मंग मी येसु."

आता सरळ माणसानं काय केलं असतं? पलंगाइतक्या उंचीची गाडी शोधली असती आणि मोकळा झाला असता. पण मी सरळ माणूस नाही. मी भूकरमापक आहे. निवृत्त असलो म्हणून काय झालं? भुसावळपासून भडगावपर्यंत माझ्या टेपखालून न गेलेला बांध दाखवा. भावाभावांच्या डोक्यात कुऱ्हाडी पडायच्या बाकी असताना मी मध्ये साखळी धरून उभा राहिलोय. असा माणूस दुकानात जाऊन 'ही द्या बरं' म्हणेल का?

खूप चाळणी लावून दोन गाड्या उरल्या. एक 'तरंग', दुसरी 'रुबाब'. दोन्ही इलेक्ट्रिक, दोन्ही क्रॉसओव्हर. क्रॉसओव्हर म्हणजे धड मोटार नाही, धड जीप नाही, अशी मधली जात. तरंगच्या शोरूममध्ये संघपाल नावाचा तरतरीत माणूस होता आणि रुबाबच्या शोरूममध्ये सपना नावाची त्याहून तरतरीत बाई. दोघंही मला 'सर' म्हणायचे. नोकरीत मला सर कोणी म्हटलं नाही, 'मोजणीवाले' म्हणायचे. त्यामुळे मी दोन्ही शोरूममध्ये गरजेपेक्षा जास्त वेळा गेलो, हे कबूल करतो.

सौ.चं, म्हणजे ज्योतीचं, मत पहिल्या दिवसापासून तरंगच्या बाजूनं. कारण विचारलं तर "रंग छान आहे." मी म्हटलं, रंग हा निकष नाही. ती म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा कोणता निकष लावला होता?" हा मुद्दा मी नोंदीतून वगळला.

आणि मग आमचे शेजारी. अभिमन सोनवणे, अभिमननाना. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या त्या खिडकीत बसून त्यांनी उभं आयुष्य माइकवर काढलं, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी तीन गल्ल्यांना कळतं. माझे आणि नानांचे संबंध चांगले आहेत असं मी म्हणणार नाही, वाईट आहेत असंही म्हणणार नाही. मध्ये एक भिंत आहे, एवढंच.

त्या भिंतीचं सांगितलंच पाहिजे. अकरा वर्षांपूर्वी आम्ही हे घर बांधलं. वास्तुशांत झाली आणि त्याच आठवड्यात मी नानांच्या बाजूची कंपाउंडची भिंत घातली. कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडापासून टेप लावून स्वतः मोजून घातली. नाना उभे राहून बघत होते. म्हणाले, "पाटीलभाऊ, भिंत नऊ इंच माझ्यात आली." मी हसलो. त्यांना म्हणालो, "नाना, मी तुम्हाला धुळ्याची गाडी किती वाजता सुटते ते शिकवलं का कधी? मग मला मोजणी नका शिकवू." तेव्हापासून नाना भिंतीवर बनियन वाळत घालतात आणि मी पाहिलं की मोठ्यानं म्हणतात, "माझ्याच जागेवर वाळतंय, भो!" बायकांचं मात्र छान जमतं. भिंतीवरून इकडून ज्वारीच्या बिबड्या जातात, तिकडून कुरडया येतात.

मी गाडी घेतोय हे कळल्यावर नाना भिंतीवर कोपर टेकून उभे राहिले. "इलेक्ट्रिक नका घेऊ. जळगावचं ऊन पंचेचाळीस डिग्री. बॅटरी भजी तळल्यासारखी तळून निघेल. पारोळ्याला बंद पडेल. अक्काला उन्हात कुठं बसवाल?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, "घ्यायचीच असेल तर रुबाब घ्या." तिसऱ्या दिवशी, "रुबाब नको, माझ्या साडूनं घेतली, आवाजच येत नाही तिला. गाडी आहे का मांजर?" इतकी वर्षं खडखडाट ऐकलेल्या माणसाला शांततेची भीती वाटणारच. मी मनावर घेतलं नाही.

मी माझ्या पद्धतीनं गेलो. दोन्ही शोरूमना रीतसर नोटीस पाठवली: 'अमुक तारखेस सकाळी अकरा वाजता तुलनात्मक मोजणी ठेवली आहे. आपले वाहन घेऊन मोक्यावर हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजून काम पूर्ण केले जाईल.' दोन्हीकडून फोन आले. संघपालनं विचारलं, "सर, काही पोलीस केस आहे का?" सपनानं तेच विचारलं, फक्त तिचा आवाज जास्त घाबरलेला होता.

पण आले. बरोबर अकराला दोन्ही गाड्या आमच्या दारात. पोस्टमनही आला होता, त्याला मी पंच म्हणून थांबवून घेतलं. नाना लगतधारक, म्हणजे शेजारच्या जागेचे मालक, म्हणून आपोआपच हजर. मी टेप काढला. लांबी, रुंदी, जमिनीपासून पोटाची उंची, डिकीची खोली, दाराची उघडझाप, सगळं घेतलं. डिकीसाठी ज्योतीची स्वतंत्र चाचणी होती. बिबड्यांचा मोठा पत्र्याचा डबा, गव्हाची गोणी आणि पापड लाटायचे दोन पाट. रुबाबमध्ये एक पाट बाहेर राहिला. ज्योतीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुण आपोआप लिहिले.

मोजणी संपली तसा मी पंचनामा वाचून दाखवला आणि दोघांना सही, नाव, पत्ता लिहायला सांगितलं. कागद परत आला तर काय, दोघांचा पत्ता एकच. मला असला हलगर्जीपणा चालत नाही. मी कडक आवाजात म्हटलं, "मॅडम, ह्यांचं बघून लिहू नका. स्वतःचा पत्ता लिहा."

"सर," सपना खाली बघत म्हणाली, "आमचा पत्ता एकच आहे. आम्ही नवरा-बायको आहोत."

अंगणात जी शांतता पसरली ती चालू रुबाबपेक्षाही जास्त होती. कारण गेले तीन आठवडे मी काय केलं होतं, ते आता सांगावं लागेल. मी सपनाला सांगितलं होतं की तरंगवाले सीटकव्हर आणि पाच वर्षांची देखभाल फुकट देतायत. आणि संघपालला सांगितलं होतं की रुबाबवाले त्यावर चांदीचं नाणं देतायत. दोन्ही शुद्ध थापा. आणि हे दोघं रोज रात्री एकाच ताटलीतली भाजी खात होते.

"चांदीच्या नाण्याला आम्ही फार हसलो, सर," संघपाल अगदी आदरानं म्हणाला.

"चांदीचं नाणं!" नाना म्हणाले. ते स्वतःशीच म्हणाले, पण नानांचं स्वतःशी म्हणजे कॉलनीशी. संध्याकाळपर्यंत आमच्या ग्रुपवर तीन जणांनी मला चांदीच्या नाण्याचं चित्र पाठवलं.

असो. अपमान बाजूला ठेवून मी निकाल लिहायला बसलो. सतरा निकष, शंभर गुण. तरंगला एकसष्ट, रुबाबला साडेएकसष्ट. अर्धा गुण कशाचा, तर रुबाबच्या आरशात मी बारीक दिसलो होतो. ज्योतीनं कागद वाचला आणि विचारलं, "अक्कांच्या पलंगाचा निकष कुठाय?"

मी कागद परत वाचला. सतरा निकषांत छताच्या काचेचा होता, बाटली ठेवायच्या खाचेचा होता. जिच्यासाठी एवढं मांडलं तिचा एकही नव्हता.

लगेच धुळ्याला फोन केला. अक्काची सून मेघा शिकलेली, हुशार. तिला म्हटलं, पलंग मोज. टेप नव्हता. मी म्हटलं, शिवणकामाचा असेल. तो होता. पलंग भरला चोवीस इंच. धावत शोरूम गाठल्या. तरंगची मागची सीट जमिनीपासून चोवीस इंचाला अगदी लागून. रुबाबची अठ्ठावीस. आता चार इंच म्हणजे तुम्हाला-मला काहीच नाही, पण अक्काला तो गड होता. निकाल लागला. तरंग!

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण चार्जर बसवणाऱ्या ठेकेदाराचा फॉर्म आला. त्यात लिहिलं होतं, 'पार्किंगच्या जागेचा नकाशा जोडावा.' म्हणे लोक पेनानं चौकोन काढून देतात. मी आणि नुसता चौकोन! मी प्रमाणात नकाशा काढला. खाली रकाना होता, 'भिंत सामाईक असल्यास शेजाऱ्याची सही'. मी ठसक्यात लिहिलं, 'सामाईक नाही. स्वमालकीची.' आणि मग नकाशावर तरंग ठेवून पाहिली.

गाडी बसत होती. मी पोट आत घेऊन ड्रायव्हरच्या बाजूनं बाहेरही पडू शकत होतो. पण डावं मागचं दार, अक्काचं दार, ते पूर्ण उघडत नव्हतं. तरंगचं अंगही रुंद आणि दारंही लांब. अक्काला आधी पाठमोरं बसावं लागतं, मग पाय आत. दार सताड उघडल्याशिवाय ते होत नाही. बाहेर रस्त्यावर उतरवू म्हटलं तर आमच्या गेटसमोर गटारीवरचा उतार असा की धडधाकट माणूस तिथून बसत खाली येतो. रुबाबचं दार मात्र छान उघडत होतं, पण तिच्यात अक्का चढणार नव्हती. तरंगसाठी किती जागा कमी पडत होती म्हणता? नऊ इंच.

मी तो आकडा तीनदा मोजला. नऊच.

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात लोभ आला. वाटलं, भिंत घालताना मी सज्जनपणा केला असेल, हद्द कदाचित अजून नानांच्या बाजूला असेल. मग मी ललितला बोलावलं. ललित माझ्या हाताखाली शिकला, आता स्वतःचं उपग्रहावरून मोजायचं यंत्र घेऊन खासगी मोजण्या करतो. नाना त्या दिवशी साडूकडे फैजपूरला गेले होते. तो मुहूर्त मी मुद्दाम साधला होता, हेही कबूल करतो.

ललितनं यंत्र उभं केलं, चार कोपरे धरले, पडद्यावर आकडे पाहिले. परत पाहिले. मग भिंतीच्या पायाशी पहारीनं थोडं खणलं आणि हद्दीचा दगड मोकळा केला. काळाभोर दगड, एका अंगाला तर कोळशासारखा काळा.

"साहेब, दगड इतका काळा कसा?"

"बेसाल्ट आहे," मी म्हटलं. "खानदेशची जमीनच काळी. जुना दगड रंग धरतो." विद्यार्थी कितीही मोठा झाला तरी शिकवायचं सोडू नये.

ललितनं मान हलवली आणि चप्पल काढून माझ्यासमोर उभा राहिला. वाईट बातमी असली की तो चप्पल काढतो. "साहेब, नऊ इंचांचा फरक आहे."

"मिळाले ना?" मी आनंदानं ओरडलो.

"नाही साहेब. भिंत नऊ इंच नानांच्यात आहे. दगडच जागेवर नाही."

मी खाली ओट्यावर बसलो. ललित गेला, चहाही न घेता गेला. चौतीस वर्षं मी ज्याला त्याला सांगितलं, 'बाबा रे, दगडाची आधी खात्री कर.' आणि स्वतःच्या घराच्या वेळी सरकारी दगड दिसला, म्हणजे झालं, असं धरून चाललो. मोजणीवाल्यानंच शेजाऱ्याची जमीन खाल्ली! मला इतकी लाज वाटली की मी भिंतीकडे तोंड करून बसू शकेना. त्यात हिशेब असा, की नऊ इंच परत द्यायचे तर जागा आणखी कमी. तरंग गेली. तरंग गेली म्हणजे अक्का गेली.

दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी ठरवलं, रुबाबच घ्यायची आणि अक्कासाठी स्टूल ठेवायचं. रुबाब चाचणीला मागवली. स्टूलवर ज्योतीला चढवलं. स्टूल कलंडलं, ज्योती माझ्यावर आली, मी सपनावर. कोणाला लागलं नाही. ज्योती साडी झटकत म्हणाली, "चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला ह्यावर उभं करणार तुम्ही? त्यापेक्षा नानांना खरं सांगा."

"काय खरं?" मी विचारलं.

"मी घरातच होते तेव्हा. ललितभाऊंच्या चपला पाहिल्या मी."

त्याच संध्याकाळी अक्काचा फोन आला. आखाजी बारा दिवसांवर होती. "छगन, मनी पिशवी भरीसन ठेयेल शे," ती म्हणाली. बारा दिवस आधी! मेघानं फोन घेऊन हळूच सांगितलं, "मामा, रोज पिशवी उघडतात, साड्यांची घडी बदलतात आणि पुन्हा भरतात." तिनं माझ्या शाळेच्या पिशव्या अशाच रात्रीतून दोनदा तपासल्या होत्या. मग मला माझ्या इभ्रतीचा राग आला. तीन वर्षं वाट पाहणारी बाई तिकडे, आणि मी इकडे नऊ इंच पोटात लपवून बसलोय!

पण नुसतं तोंडानं 'चुकलो' म्हणणं माझ्यानं होईना. मी पंचनामा लिहिला. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून नानांच्या दारात गेलो आणि उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. "आम्ही खाली सही करणार, छगन उखर्डू पाटील, धंदा निवृत्त भूकरमापक, लिहून देतो की लगतधारक अभिमन सोनवणे यांच्या जागेत आम्ही अकरा वर्षांपासून नऊ इंच अतिक्रमण केले असून, याबाबत सदर सोनवणे यांनी वेळोवेळी तोंडी हरकत घेतली असता, आम्ही त्यांची चेष्टा केली..."

इथे नानांनी कागद हातात घेतला. चष्मा लावला. पूर्ण वाचला. मग एकदम आत तोंड करून, "अहो, ऐका! पाटीलभाऊ चुकले!" अशी घोषणा केली. दोनदा केली. स्टँडवर प्रत्येक घोषणा दोनदा करायची सवय. समोरच्या गच्चीवर दोन डोकी उगवली. मी सगळं सहन केलं. अकरा वर्षांचं बनियन होतं ते, वाळायलाच हवं होतं.

"भिंत मी आठ दिवसांत मागे घेतो," मी म्हटलं.

"मागे घेतल्यावर तुमची ती तरंग बसेल?"

"नाही."

"मग अक्का?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांना एक बहीण होती, पाचोऱ्याला. ती जाऊन दोन वर्षं झाली, आणि आखाजीच्या दिवशी नाना घरात थांबत नाहीत, हे मला भिंतीच्या अलीकडून ठाऊक होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"भिंत मागे कशाला घेता?" ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले. "पाडूनच टाका. गाडी तुमच्यात राहील, दार माझ्यात उघडेल. मला काय त्या नऊ इंचांत कपाशी लावायची आहे? फक्त एक अट. धुळ्याला मुऱ्हाळी म्हणून मीही येणार. पुढच्या सीटवर."

भिंत दोन दिवसांत पडली. सगळ्यात आनंद बायकांना, त्यांना बिबड्या वाळवायला सलग अंगण मिळालं. चार्जर घराच्या भिंतीला लागला. ठेकेदारानं नवा नकाशा मागितला, मी पेनानं चौकोन काढून दिला. तरंग घेताना संघपालनं कागदावर सह्या घेतल्या आणि शेवटी एक छोटी डबी पुढे केली. आत चांदीचं नाणं. "सपनानं पाठवलंय," तो म्हणाला. "रुबाबवाले देतायत असं तुम्ही सांगितलं होतं, म्हणून." मी ते नाणं देवात ठेवलं आहे, त्याच्याकडे पाहिलं की अजून कान गरम होतात.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं मुऱ्हाळी पहाटेच निघालो. एरंडोल आलं की नाना ओरडायचे, "एरंडोल! उतरणाऱ्यांनी घाई करावी!" पारोळ्याला गाडी बंद पडली नाही, म्हणून ते जरा खट्टू झाले. धुळ्याला अक्का पिशवी मांडीवर घेऊन दारातच बसलेली. तिनं तरंगच्या सीटवर हात फिरवला, पाठमोरी टेकली आणि पाय आत घेतले. एकदाही 'आई गं' म्हणाली नाही. "मना पलंगच शे हाऊ," म्हणाली. परतीच्या वाटेवर मी आरशातून फार वेळा मागे पाहिलं, शेवटी नानांनी मला समोर बघायची सूचना दोनदा केली.

घरी आलो. गाडी आत घेतली. मी चटकन उतरून डावीकडे गेलो, दार उघडलं. सताड! पूर्ण! नानांच्या जमिनीवर! मी खिशातून टेप काढून दार किती उघडलं ते मोजायला वाकलो.

"तो टेप ठेव खाले," अक्का म्हणाली. "पहिले हात दे माले."

मी हात दिला. ती उतरली, उभी राहिली, पदर सारखा केला, चौफेर पाहिलं. "आठे भित व्हती ना? कोठे गयी?"

नाना सांगायला पुढे झाले. तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यात उकरून ठेवलेल्या त्या दगडाकडे गेली. तिनं काठीनं त्याला टोचलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"अरे, हाऊ दगड ते मना वळखना शे! तुनी वास्तुशांतले बट्टीना आचारीले चूलसाठे तिसरा दगड सापडेना. मीच पहारवरी उपटी दिधा. पाह्य ना, अजून काजळी शे तेले."

बेसाल्ट! मी ललितला बेसाल्ट म्हणून शिकवलं होतं. हद्दीची खूण हलवणं हा गुन्हा आहे, हे मी गावोगाव ढोल वाजवून सांगितलं होतं, आणि ज्या चुलीवरच्या बट्ट्या मी चवीनं खाल्ल्या तिच्याखाली माझीच हद्द जळत होती. त्या पंगतीत नानांनी अकरा बट्ट्या खाल्ल्या होत्या, हे ज्योतीनं इथे सगळ्यांना सांगितलं.

"आणि मग अक्का," मी कसंबसं विचारलं, "तो परत कुठं ठेवलास?"

"आठेच की. पंगत उठनी, दगड थंडा व्हयना, तवय ठेई दिधा. वीतभर इकडे का तिकडे, कोन मोजत बसस?"

नाना गाडीला टेकले आणि हसता हसता खाली बसले. मग ज्योती, मग नानांची बायको. मला हसू नको होतं, पण अक्का माझा हात धरून उभी होती आणि तिला काय झालं ते कळत नव्हतं, तरी ती सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. तीन वर्षांनी ती माझ्या अंगणात हसत होती. मग मीही हसलो.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी त्याच सलग अंगणात चूल मांडली, वरण-बट्टी केली, तिसरा दगड तोच. संध्याकाळी तो थंड झाला तसा मी आणि नानांनी मिळून उचलला. आता तो तरंगच्या डाव्या दाराखाली असतो, अक्काला चढता-उतरताना पाय ठेवायला. माझ्या हद्दीत आहे की नानांच्या, ते विचारू नका. अंदाजानं ठेवलाय.